मधे वारा पडला तेव्हा

विनायकभावजींचा फोन आला तेव्हा मी ओटीवर वाळलेल्या सुपाऱ्या निवडत बसले होते. "वहिनी, शुभदा गेली," एवढंच ते म्हणाले. आजार इतका लांबला होता की बातमी अनपेक्षित नव्हती. तरीही अशा वेळी मनात पहिला विचार कोणता यावा हे कुणाच्या हातात नसतं. माझ्या मनात आलं, आता हिचा फोटो पेपरात येणार. आणि आलाच. चांगला मोठा, खाली 'वादळांच्या अभ्यासक' वगैरे. फोटोत ती कुठल्याशा सभागृहात बोलत उभी आहे, मागे पडद्यावर तिची ती वर्तुळं, आणि अंगावर मोरपंखी नारायणपेठ. ती साडी माझी. एका कार्यक्रमापुरती म्हणून नेली होती, परत द्यायची राहून गेली. घरात सुतक, माणसांची ये-जा, आणि मी पेपर डोळ्यांजवळ धरून साडीचे काठ बघत होते. हे वाचून ज्यांना माझा राग येईल त्यांनी इथेच पान उलटावं, कारण पुढे मी यापेक्षा काही बरी वागलेली नाही. तीसेक वर्षं मी या बाईवर जळले. आता ती नाही, तर दिवसभरात कितीतरी वेळा रिकामं रिकामं वाटतं.

शुभदा माझी धाकटी जाऊ. अलिबागहून मुरूडकडे जाताना रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, आणि वाडीच्या पोटात घर. मी या घरात आले ती तळा गावाहून. बी.ए. बी.एड., विषय भूगोल. लग्नानंतर इथल्याच शाळेत लागले आणि आमच्या आळीतली पहिली नोकरी करणारी सून झाले. सासूबाईंना त्याचं फार अप्रूप होतं असं नाही, पण कुणी पाहुणा आला की "आमची मंदा शाळेत शिकवते" हे त्या एकदा तरी म्हणत. ते एक वाक्य मला पुष्कळ दिवस पुरलं. मग धाकट्या विनायकभावजींनी मुंबईत लग्न जमवलं आणि शुभदा आली. भौतिकशास्त्रातली, डॉक्टरेट हातातोंडाशी आलेली. सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "तू काय शिकवतेस?" ती म्हणाली, "मी शिकवत नाही आई, वादळांचा अभ्यास करते." आता, वाडीतली अर्धीअधिक झाडं सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी लावलेली. जरा वारा सुटला की त्या देवापाशी जाऊन बसणार. त्यांनी नव्या सुनेकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. या घरात वाऱ्याचं कुनाला कायबी कळत न्हाय." मोसमी वारे, व्यापारी वारे, मतलई वारे अशी सगळी वाऱ्यांची जत्रा वर्षानुवर्षं फळ्यावर भरवणारी मी त्या वेळी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. चहा सांडला नाही, एवढंच.

शुभदाला स्वयंपाक येत नव्हता आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, हा दुसरा अन्याय. शुक्रवारी मुंबईच्या संस्थेतून सुटली की गेटवेवरून बोट धरून मांडव्याला उतरायची, तिथून अलिबाग आणि मग घर. आल्यावर पाय धुऊन सरळ माझ्या स्वयंपाकघरात यायची आणि ओट्यापाशी स्टूल ओढून बसायची. मदतीला नव्हे, गप्पा मारायला. एकदा भाताला उकळी आली, झाकण थडथडायला लागलं, मी गॅस बारीक करायला हात पुढे केला तर म्हणाली, "थांबा वहिनी, जरा वाजू द्या." मग त्या झाकणाकडे बघत बसली. मला वाटलं, झालं, आता भात खाली लागणार. मग ती बोलायला लागली. वादळाचंही असंच असतं म्हणाली. वर ढगांचं जाड झाकण. आत काय चाललंय ते वरून जाणाऱ्या उपग्रहाला दिसत नाही. पण आतली गरम, दमट हवा उसळून वर येते, धडका देते, आणि त्या धडकांच्या लाटा ढगांच्याही कितीतरी वर, जिथे हवा अगदी विरळ असते तिथे पसरत जातात. उपग्रह त्या विरळ हवेची ऊब मोजतो. लाट जाते तिथे ऊब किंचित कमी-जास्त होते. त्यावरून चित्र काढलं की वादळाच्या डोक्यावर वर्तुळं दिसतात, विहिरीत कळशी सोडल्यावर उठतात तशी. पुढे तिने लॅपटॉपवर ती वर्तुळं मला दाखवली. सुंदर होती, नाही म्हणत नाही.

"म्हणजे खाली आच वाढली की वर थडथड वाढणार," मी म्हटलं.

"तेच तर शोधतेय मी," ती म्हणाली. "वहिनी, आमच्याकडे हे इतकं सरळ कुणी बोलत नाही."

मग वादळ जोर धरणार की नाही ते आधी सांगता येईल का, असं मी विचारलं. त्यावर ती नेहमीसारखी सावध झाली. पुष्कळ वादळं एकत्र ठेवून पाहिली की जोर धरणाऱ्यांच्या डोक्यावर लाटा जास्त दिसतात, पण एखाद्या वादळाबद्दल छातीठोक सांगता येत नाही म्हणाली. शिवाय उपग्रह दिवसातून एक-दोनदाच वरून जाणार, मधल्या वेळात काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं. हा 'मधला वेळ' तिच्या तोंडी सारखा असायचा. मला तेव्हा तिचं 'सांगता येत नाही' ऐकून मनातून बरं वाटायचं. एवढी शिकून शेवटी हिलाही सांगता येत नाहीच.

पुढे एका वर्तमानपत्राने तिची मुलाखत घेतली तेव्हा तिने भाताच्या झाकणाची गोष्ट सांगितली. छापून आलं ते असं, की 'सासूबाईंच्या स्वयंपाकघरात शास्त्रज्ञ सुनेला गवसली वादळाची किल्ली'. मी घरात आल्यापासून सासूबाईंनी गॅसचं बटण कोणत्या बाजूला फिरतं हेही पाहिलेलं नव्हतं. पातेलं माझ्या माहेरचं, भात माझा, आणि आच-थडथडीचं वाक्यही माझं. शुभदाने त्या बातमीदाराला फोन करून सांगितलं, की अहो, सासूबाई नव्हे, जाऊबाई. तो म्हणाला, एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही दुरुस्ती छापत नाही. सासूबाईंनी ते कात्रण फ्रेम करून देवघराच्या भिंतीवर लावलं. आजही आहे. रोज निरांजन लावताना माझ्या नजरेसमोर ते येतं आणि रोज माझी पूजा थोडी बिघडते.

एकदा हेडमास्तरांनी आग्रह केला म्हणून मी तिला शाळेत बोलावलं, माझ्याच नववीच्या वर्गावर. मी दरवर्षी फळ्यावर चक्रीवादळ काढायचे. मधे खडूचं छोटं वर्तुळ, तो डोळा, आणि भोवती वाऱ्याचे बाण. डोळ्याच्या अलीकडचे बाण एका दिशेला, पलीकडचे बरोबर उलट्या. मुलं मुकाट्याने वहीत उतरवून घ्यायची. तीच मुलं त्या दिवशी बाकावरून उठून उठून तिला प्रश्न विचारत होती. मी खिडकीपाशी उभी राहून हसऱ्या चेहऱ्याने बघत होते आणि माझे दात दुखत होते. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी वादळात होता काय?" "नाही गं," शुभदा म्हणाली, "मी वादळं वरूनच पाहिलीत." मुलगी म्हणाली, "म्हंजे विमानातून?" "तेही नाही... नुसती चित्रं." वर्ग हसला, तीही हसली. घरी येताना मात्र रस्ताभर काही बोलली नाही. मला तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

मग ते टाळेबंदीतलं वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर ज्याला अजून नुसतं 'वादळ' म्हटलं तरी पुरतं, ते. शुभदा मुंबईत अडकलेली, मांडव्याची बोट बंद, जिल्ह्याच्या वेशीवर पोलीस. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "किती वारा येल गं?" ती म्हणाली, "आई, माहीत नाही मला. कुठून जाईल तेही नक्की नाही. तुम्ही सगळे माजघरात राहा, भिंती जाड आहेत." बस, इतकंच. त्यानंतर फोन गेले ते पुढे कितीतरी दिवस लागले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

आमच्याकडच्या माणसाची अशी खात्री असते, की वाईट जे यायचं ते दर्याकडूनच यायचं. म्हणून आळीतल्या सगळ्यांनी दर्याकडच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, दर्याकडची दारं दोरखंडाने बांधली. डोंगराकडच्या मागच्या दाराला नुसती कडी. आणि दिवस वर आल्यावर पहिला तडाखा आला तो डोंगराकडून. मागच्या पडवीचे पत्रे एकामागून एक उडाले, स्वयंपाकघरावरची कौलं गेली, माझ्या ओट्यावर पाऊस पडायला लागला. दर्याकडची ओटी मात्र त्या मानाने आडोशाला. मग काय, आम्ही देव, गाद्या, तांदळाचं पिंप, आणि खुर्चीसकट सासूबाई, असा सगळा संसार उचलून ओटीवर नेऊन ठेवला. दर्याच्या तोंडाशी. मी भूगोलाची बाई, आणि मीही गाद्या वाहत होते. भीतीने माणसाला काही सुचत नाही म्हणतात ते खरं आहे. वाडीत पोफळी मोडताना जो आवाज यायचा तो आला की सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या.

आणि मग वारा पडला. हळूहळू कमी नाही झाला, पडलाच. कानांना दडे बसले होते. आभाळ वरून पांढुरकं उजळलं, पाऊस थांबला. शेजारून हाक आली, "गेलं रे वादळ. बाहेर या." आमचे हे टोपली घेऊन नारळ वेचायला निघालेसुद्धा. सासूबाई काठी टेकत पोफळींकडे निघाल्या. मी मागच्या दारात उभी राहिले. चिरडलेल्या झावळ्यांचा हिरवा, तुरट वास सगळीकडे. कुंपणावर एक समुद्रपक्षी बसला होता, दमलेला, मी हाताच्या अंतरावर गेले तरी हलला नाही. समोर पोफळी पडल्या होत्या, सगळ्यांची डोकी दर्याकडे. मी बघत राहिले... आणि एकाएकी मला माझा फळा दिसला. खडूचं वर्तुळ, अलीकडचे बाण, पलीकडचे उलटे बाण. ही डोकी म्हणजे अलीकडचे बाण. मग आपण उभे आहोत कुठे? मी ओरडले. मागच्या बाकावर पोचतो तो आवाज काढून ओरडले, की आत या सगळे, हा डोळा आहे, आता दर्याकडून येणार. हे म्हणाले, "अगं, गेलं वादळ." मी म्हटलं, "अर्धं गेलंय." सासूबाई ऐकेनात तेव्हा त्यांना कमरेला धरून उचलून आणलं. शेजारच्यांनाही बोलावून घेतलं आणि देवांसकट सगळे माजघरात कोंबले. दार लावतोय तोच दर्याकडून जो आवाज आला तो मला आजही लिहिता येत नाही. बाहेर आलो तेव्हा ओटी नव्हती. फळ्या, छप्पर, गाद्या, सासूबाईंची खुर्ची, काही नव्हतं. तांदळाचं पिंप पुढे शेजारच्या वाडीत मिळालं, चेपलेलं.

त्या दिवशी मी आयुष्यात एक गोष्ट बरोबर केली. माझ्या विषयातली, माझ्या खडूने. मला वाटलं होतं, आता तरी घरात कुणी म्हणेल. लोक वाडी बघायला, विचारपूस करायला यायला लागले तेव्हा सासूबाई मोडक्या ओटीच्या जोत्यावर बसून सगळ्यांना सांगू लागल्या, "आमच्या शुभदानं सांगितलं व्हतं, मधी वारा पडंल म्हनून. म्हनून वाचलो." मी तिथेच असायचे. पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, मी ओरडले होते." त्या म्हणाल्या, "तू वरडलीस गं. पन सांगितलं तिनं." म्हातारपणी माणसाच्या डोक्यात गोष्टी अशा जागा बदलतात, हे मला कळत होतं. पण त्या नेहमी तिच्याच बाजूला जाऊन बसतात, हेही कळत होतं.

शुभदा ई-पास काढून आली तोवर वाडीतली मोडलेली झाडं तशीच पडून होती, तोडायला माणसं मिळत नव्हती. ती आली, वाडीत गेली आणि झाडांमधे उकिडवी बसली. खालच्या झाडांची डोकी दर्याकडे, त्यांच्यावर आडव्या पडलेल्यांची डोंगराकडे. एक पहिल्या वाऱ्याने पडलेलं, दुसरं दुसऱ्या. ती फोनमधली होकायंत्राची सुई बघायची, फोटो काढायची, पुढच्या झाडापाशी जायची. चेहरा उजळलेला. माझं डोकंच फिरलं. "शुभदा, हे मढं आहे," मी म्हटलं, "मढ्याचे फोटो काढतेस?" तिने फोन लगेच पर्समध्ये टाकला आणि मान खाली घातली. तेवढ्यात मागून सासूबाई, "काढू दे गं तिला. तिला त्यातलं कळतंय." आणि तिचा हात धरून त्यांनी तिला एकेक झाड दाखवलं. हे कधी लावलं, हे कुठून आणलं. मला त्यांनी कधी एकही झाड असं दाखवलेलं नाही. मी आत जाऊन चहा टाकला.

त्याच दिवशी संध्याकाळी कुणी भेटायला आलं आणि सासूबाईंनी आपलं वाक्य म्हटलं. शुभदा म्हणाली, "आई, मी नाही. फोनच लागत नव्हता. वहिनींनी ओळखलं." सासूबाई म्हणाल्या, "थोरलीनं? ती शाळेत शिकवते गं." ही दुरुस्ती तेव्हापासून सुरू झाली ती शेवटपर्यंत. सासूबाईंनी म्हणायचं 'शुभदानं सांगितलं', शुभदाने म्हणायचं 'आई, मी नाही, वहिनींनी', आणि सासूबाईंनी कानाआड करायचं. ती चांगली वागत होती आणि त्यानेच मी जास्त जळत होते. माझी हक्काची गोष्ट मला तिच्या हातून घ्यावी लागत होती. वादळ झालं तेव्हा घरात सगळे होते, पण माझ्या बाजूने बोलणारी साक्षीदार एकच, आणि ती तर तिथे नव्हतीच.

आजारपणात मुंबईचा गोंगाट सोसेना म्हणून ती काही महिने आमच्याकडे येऊन राहिली. माजघरात तिची कॉट टाकली. भेटायला माणसांची रीघ. मी पेज करायचे, औषधं द्यायचे, केस विंचरायचे, जे काही केसांचं उरलं होतं ते. आणि संध्याकाळी माणसं पांगली, की ती म्हणायची, "वहिनी, मधला वेळ सांगा ना." पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग लक्षात आलं, हिला तो वारा पडलेला वेळ हवाय. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रश्न विचारायची. कान दुखत होते का, की नुसते दडे? उकडत होतं का? समुद्राचा आवाज येत होता का? त्या पक्ष्याचं सांगितलं तेव्हा तर उठूनच बसली. "तो तुमच्याबरोबर डोळ्यात होता वहिनी. ते अडकतात आत, बाहेरच्या वाऱ्यातून निघता येत नाही त्यांना. मी वाचलंय फक्त." फक्त, असं म्हणाली. मी एकेक तपशील पुरवून पुरवून सांगायचे. एक वास एका संध्याकाळी, उजेडाचा रंग दुसऱ्या. नोकरीभर मी मुलांना शिकवलं, पण माझ्या तोंडाकडे असं बघत कुणी ऐकलेलं नाही. दुपारपासून मी संध्याकाळची वाट बघायला लागले.

एका संध्याकाळी माझं सांगून झाल्यावर ती छताकडे बघत पडली होती. म्हणाली, "वहिनी, मला तुमचा फार हेवा वाटतो हो."

"माझा?"

"इतकी वर्षं मी झाकण ऐकत बसले. तुम्ही पातेल्यात होतात." मग माझ्याकडे वळून, "वादळ माझ्या घरावरून गेलं आणि मी मुंबईत बसून त्याची चित्रं उतरवून घेत होते. त्यात आपलं घर कुठे असेल ते शोधत होते... तुम्ही तिथे मागच्या दारात उभ्या. आणि ओळखलंत तुम्ही. मी असते तर ओळखलं असतं की नाही, सांगता येत नाही."

यावर चांगल्या बाईने काय बोलावं ते मला ठाऊक आहे. पण मला आनंद झाला. मरणाला टेकलेल्या माणसाच्या उशाशी बसून मला इतका आनंद झाला, की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी मांडत राहिले. बाहेर आले तेव्हा ती माझ्याकडे बघून हसत होती. तिला सगळं कळलं होतं. माझं जळणं तिला पहिल्या दिवसापासून, त्या चहाच्या ट्रेपासून ठाऊक असणार, असं मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं. त्यानंतरचे आमचे दिवस फार चांगले गेले. दोघी एकमेकींवर उघड उघड जळायचो आणि खिचडी खायचो. शेवटी पुन्हा उपचारांना नेलं तेव्हा मी तिला सोडायला मांडव्याला गेले होते. चाकाच्या खुर्चीत बसवून तिला बोटीवर चढवत होते, तर मागे वळून म्हणाली, "वहिनी, तुमची साडी द्यायची राहिली." मी म्हटलं, "येशील तेव्हा आण." तेच आमचं शेवटचं बोलणं.

दिवस-कार्य झालं तरी लोक अजून भेटायला येतात. बहुतेकजण जाताना म्हणतात, "आता त्या वरून बघत असतील." मी मान हलवते, पण मला चीड येते. वरून तर ती आयुष्यभर बघतच होती. तिला एकदा खालून बघायचं होतं.

परवा तळ्याहून माझी चुलतबहीण आली होती. सासूबाई नव्याने बांधलेल्या ओटीवर बसल्या होत्या. त्या आता नव्वदीच्या घरात आहेत, शुभदा गेली हे त्यांना कधी आठवतं, कधी नाही. बहिणीला त्यांनी आपलं वाक्य ऐकवलं, "आमच्या शुभदानं सांगितलं व्हतं, मधी वारा पडंल म्हनून." आणि मी थांबले. इतक्या वर्षांची सवय, वाक्य संपलं की मी थांबते, कारण पुढचं वाक्य तिचं असतं. आत भाताचं झाकण थडथडायला लागलं होतं. बहिणीला सगळं माहीत आहे, ती माझ्याकडे बघत होती, मी आता काय म्हणते म्हणून. सासूबाईही बघत होत्या, का कोण जाणे. बहुधा त्याही थांबल्या होत्या.

"हो आई," मी म्हटलं. "तिनंच सांगितलं होतं."

सासूबाईंचं समाधान झालं. मी आत गेले आणि गॅस बारीक न करता जरा वेळ तशीच उभी राहिले. भात थोडा लागला खाली.

पण ते घरातलं झालं. सासूबाई पेपरच्या पुरवण्या वाचत नाहीत, म्हणून इथे खरं ते लिहिते. त्या दिवशी वारा पडला तेव्हा डोळा मी ओळखला. शुभदाने नाही, मी. यापुढे आणखी एक वाक्य मी लिहिलं होतं आणि मग खोडलं. खोटं वाटत असेल तर शुभदाला विचारा, असं ते वाक्य होतं.